बरगड्या मोजणारे डॉक्टर

पहिल्या भेटीत त्यांनी माझा अर्ज बघितला नाही, सर्टिफिकेट बघितलं नाही. "शर्ट काढ," म्हणाले.

मी नोकरीसाठी आलोय, आजारी नाही, असं मी सांगून बघितलं.

"आजाऱ्याला मी विनंती करतो. तू नोकरीला आलायस. काढ."

मग थंडगार बोटांनी त्यांनी माझी छाती वरून खालपर्यंत चाचपली. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी. शेवटी खुर्चीत बसले आणि त्यांनी मोठा उसासा टाकला.

"बारा आणि बारा."

"काही बिघडलंय का डॉक्टर?"

"कायबी न्हाय रं. त्येचंच वाईट वाटतंय. उद्यापासनं ये."

अशा रीतीने मी निपाणीतल्या त्या छातीच्या दवाखान्यात एक्स-रे काढायला लागलो. तंबाखूच्या वखारींतली, विड्यांच्या कारखान्यांतली खोकणारी माणसं तिथं येत आणि आम्ही त्यांच्या छातीचे फोटो काढत असू. डॉक्टर मला नावाने कधीच हाक मारत नसत. "फोटोवाल्या" म्हणत. त्यांचं नाव मीही इथं लिहीत नाही. एका चौकशीच्या कागदावर ते एकदा लिहिलं गेलं आहे आणि त्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. त्या कागदावर जे लिहिलं आहे ते खोटं आहे. हे सांगायला मला चाळीस वर्षं लागली, म्हणून हा खटाटोप.

माणसाला दोन्ही बाजूंना बारा-बारा बरगड्या असतात, असं पुस्तकात आहे. डॉक्टरांचं म्हणणं असं, की पुस्तक लिहिणारा निपाणीच्या बाजाराला कधी आलेला नाही. कुणाला मानेपाशी एक छोटी बरगडी जास्त असते. कुणाला खाली एक कमी असते. कुणाच्या बरगडीला पुढच्या टोकाला बेचकीसारखे दोन फाटे फुटलेले असतात. कुणाच्या दोन बरगड्या जोडलेल्या असतात. त्या माणसाला याचा पत्ताही नसतो. तो जेवतो, भांडतो, लग्न करतो, मरतो. पण छातीत पाणी झालं आणि ते सुई घालून काढायची वेळ आली, की मोजणीत एका बरगडीचा फरक म्हणजे सुई फुप्फुसाच्या पिशवीत जायची ती यकृतात.

"आकडा सांगू नकोस," ते म्हणत. "आकडा कुठनं मोजलास त्ये सांग. वरनं मोजलं की येक, खालनं मोजलं की दुसरं. आपल्या सीमेवरच्या मुलखात तुला ह्ये समजवायला नगं."

लोकांना ते बरगड्यांवरून ओळखत. दवाखान्यासमोरच्या चहावाल्याच्या बरगडीला फाटा होता, त्याला ते "बेचकी" म्हणत. "बेचकी, दोन चा पाठव." घरमालकिणीला दोन्ही बाजूंना अकरा होत्या. भाडं द्यायला उशीर झाला आणि ती तणतणत आली, की डॉक्टर आत येऊन मला सांगत, "अकरावाली रागावलीया. काय करणार, माणूसच अपुरं हाय."

रोग्यांपुरतं हे ठीक होतं. पण त्यांची बोटं आवरत नसत. एकदा आम्ही खानापूरच्या एसटीत उभे होतो. गाडी खचाखच भरलेली. पुढं सदऱ्यातला एक सडपातळ म्हातारा. डॉक्टरांचा हात हळूहळू त्याच्या कुशीकडे सरकायला लागला. म्हाताऱ्याने गर्रकन वळून मनगट धरलं आणि ओरडला, "खिसा कापतोय! धरा ह्येला!"

"खिसा न्हवं हो. नववी आणि दहावी जोडलेली हाय तुमची. जरा थांबा, मागनं बघू द्या."

कंडक्टरने गाडी थांबवली. मी हात जोडून सांगत होतो, हे डॉक्टर आहेत, मोठे डॉक्टर आहेत. म्हातारा म्हणाला, "डॉक्टर असतील तर गळ्यात नळी कुठाय?" आम्हाला दोघांना भर रस्त्यात उतरवलं. उन्हात चालताना डॉक्टर चुकचुकत होते. मला वाटलं, अपमान लागला असेल. "नाव तरी इचारायला पायजे हुतं," ते म्हणाले. "वहीत कसं लिवू?"

त्या काळी छातीचं चित्र पडद्यावर बघायचं, तर अंधाऱ्या खोलीत जावं लागे आणि डोळे अंधाराला आधी सरावलेले असावे लागत. त्यासाठी तांबड्या काचांचा चष्मा अर्धा तास घालून बसायचं. इतर ठिकाणचे डॉक्टर खोलीत बसत. आमचे डॉक्टर तो चष्मा घालून सायकलवरून बाजारात भाजी आणायला जात. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तांबड्या चष्म्याचा माणूस वांगी निवडताना दिसे. डोळ्यांची साथ आलीय अशी आवई दोनदा उठली. तांबड्या काचेतून त्यांना पिकले टोमॅटो आणि कच्चे टोमॅटो सारखेच दिसत. त्यांच्या घरी कायम कच्च्या टोमॅटोची आमटी असे.

आणि सिलं. हे नीट सांगायला हवं, कारण पुढं सगळा दोष त्या सिलांवरच आला.

तंबाखूच्या वखारींना तेव्हा एक्साइजवाल्यांची शिशाची सिलं असत. वखार उघडताना ती तोडून टाकत. डॉक्टर ती रस्त्यावरून वेचत, स्पिरिटने पुसत आणि खिशात ठेवत. चालताना त्यांचा कोट खुळखुळे. रोग्याच्या पाठीवर बोटाने ठोकून पाणी कुठं आहे याचा अंदाज घ्यायचा, तिथं चिकटपट्टीने एक सील लावायचं आणि मग पडद्यावर बघायचं. शिशातून किरण जात नाहीत. पडद्यावर त्या जागी काळा ठिपका दिसतो, फिल्मवर पांढरा. ठिपका पाण्यावर बसला नाही तर सील सरकवायचं, पुन्हा बघायचं. बसला की तिथंच सुई. कितवी बरगडी, हा प्रश्नच नाही. माणसाला बारा असोत, तेरा असोत, नाहीतर सतरा.

"फोटोवाल्या, आकडा लिवायचा न्हाय. जागा दाखवायची."

त्यांच्या हातून माझ्यासमोर शेकडो सुया गेल्या असतील. एकही चुकली नव्हती.

त्यांची कीर्ती मात्र सुयांमुळे झाली नाही. ती झाली कुस्तीमुळे.

गुंजीच्या बाजूचा मारुती नावाचा एक पैलवान होता. खोकला झाला म्हणून आमच्याकडे आला आणि त्याच्या मानेपाशी तेरावी बरगडी निघाली. डॉक्टरांनी आनंदाने त्याला फिल्म भेट दिली. ही मोठी चूक. मारुतीने ती तालमीत आरशाशेजारी टांगली आणि जत्रेच्या मैदानात लंगोट लावून, फिल्म उन्हाला धरून फेरी मारली. "तेरा फासळ्यांचा पैलवान!" असा पुकारा झाला. समोरचा पैलवान कानडी मुलखातला, डोंगराएवढा. त्याच्या वस्तादाने हरकत घेतली: एक फासळी जास्त म्हणजे एक हाड जास्त, एक हाड जास्त म्हणजे जोर जास्त. ही कुस्ती बरोबरीची नाही.

पंचांनी तासभर खल केला आणि ठरवलं, की डोंगराच्याही फासळ्या मोजाव्यात. त्याच्याही तेरा निघाल्या तर कुस्ती. डॉक्टरांना निपाणीहून जीपने आणलं. मी सोबत होतो. आखाड्याच्या मध्यभागी ते कोट घालून उभे राहिले, समोर तो तेल आणि तांबडी माती माखलेला देह. वस्तादाने अट घातली, मोजणी दोन्ही भाषांत मोठ्याने व्हावी. एक पंच मराठीत ओरडणार, एक कानडीत.

"एक!"

"वंदु!"

तिसऱ्या बरगडीपाशी पैलवान हसला. डॉक्टर म्हणाले, "हलू नका हो." पाचवीपाशी तो खुसखुसला. सातव्या बरगडीला डॉक्टरांचं थंड बोट काखेखाली शिरलं आणि तो डोंगर किंचाळत कोसळला, उताणा, हातपाय झाडत, गदगदा हसत. त्याची पाठ पूर्ण मातीला लागली.

मग कुणीतरी ओरडलं, "चीत! डॉक्टरनं चीत केला!"

पुढची पंधरा मिनिटं काय झालं ते सांगता येत नाही. डॉक्टरांना खांद्यावर घेतलं. फेटा बांधला, नारळ दिला. वस्ताद पंचांच्या अंगावर धावून गेला, की डॉक्टरने लंगोट लावला नव्हता म्हणून कुस्ती रद्द. डॉक्टर खांद्यावरून खाली वाकून ओरडत होते, "अहो, आठवीपासनं राहिलंय! मोजू द्या मला!" ती मोजणी कायमची अपुरी राहिली. वहीत त्या पैलवानापुढं त्यांनी लिहिलं: "सात. पुढे हसला."

इथपर्यंत लिहायला मला मजा आली. मी मुद्दामच रेंगाळलो.

ऐंशी सालानंतर एक-दोन वर्षांनी बेळगावच्या बाजूने दोन तरुण डॉक्टर आमचं काम बघायला आले. पडद्याच्या खोलीत एका बाईच्या पाठीवर सील लावलेलं त्यांनी बघितलं. एक जण म्हणाला, "ही पेशंट आहे की तंबाखूचं पोतं?" दुसरा हसला. मीही हसलो. मला त्यांच्यासारखं व्हायचं होतं. त्यांनी मला छापील फॉर्म दिले. त्यात एक चौकट होती: कितव्या बरगडीखाली. "असं शास्त्रशुद्ध काम करा," ते म्हणाले, "मग बेळगावात जागा निघाली की बघू."

पुढच्याच आठवड्यात शेवंताक्का आल्या. वखारीत तंबाखू चाळायचं काम करणाऱ्या, चाळिशीच्या. धाप इतकी, की वाक्य पुरं होत नव्हतं. उजवीकडे पाणी, तेही सगळीकडे पसरलेलं नाही. जुन्या आजाराने एका छोट्या कप्प्यात अडकलेलं. त्या दिवशी व्होल्टेज नव्हतं, पडदा उजळत नव्हता. कसाबसा एक फोटो निघण्याइतकी वीज होती. डॉक्टरांनी पाठीवर ठोकून पेनने खूण केली. "हितं सील लाव आणि फोटो काढ. लगीच."

मी सील लावलं नाही.

विसरलो असं म्हणायची मला सवय झाली होती. विसरलो नाही. ते माझ्या हातात होतं. मी ते खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, कारण मला त्या फॉर्मवर आकडा लिहायचा होता. फिल्म धुतली, ओली असतानाच वरून बरगड्या मोजल्या आणि चौकटीत सुबक अक्षरात लिहिलं: नववी व दहावी यांच्या मध्ये. शेवंताक्कांच्या मानेपाशी एक बरगडी जास्त होती. मी तिलाच पहिली धरलं. माझी नववी खरी आठवी होती; पाठीवरून मोजणाऱ्याला ती एक बरगडी खाली नेणार होती.

मी फॉर्म घेऊन गेलो. डॉक्टरांनी तो बघून तोंड वाकडं केलं.

"ह्ये काय आकडं? फिल्म कुठाय?"

"ओली हाय अजून. धुतोय."

त्यांनी पुन्हा शेवंताक्कांच्या पाठीवर ठोकलं. खांद्याच्या पात्यापासून खाली मोजत आले. थांबले.

"माझं बोट येक फासळी वर सांगतंय. तू खाली म्हणतोस." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सील लावलंतास न्हवं?"

"व्हय."

"मग तूच बरोबर," ते म्हणाले. "बोट चुकंल. सील चुकत न्हाय."

त्यांनी सुई घातली आणि नळीत पाणी आलं नाही, रक्त आलं. शेवंताक्का "आई गं" म्हणून पुढं कलंडल्या. जीपमध्ये घालून त्यांना बेळगावला नेलं. वाटेत पूर्ण वेळ डॉक्टर त्यांचा हात धरून बसले होते आणि बरगड्यांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. ऑपरेशन झालं. दीड महिन्याने त्या वाचून घरी आल्या.

दवाखान्याच्या विश्वस्तांनी चौकशी नेमली. अध्यक्ष वखारवाले होते.

"डॉक्टर, शिसं अंगाला लावल्यावर रक्त येतं काय?"

"न्हाय."

"मग आलं कसं?"

दुसऱ्या एका विश्वस्ताने टेबलावरच्या सिलांच्या ढिगातून एक उचललं, चष्मा वर करून बघितलं आणि उभाच राहिला. "अध्यक्ष, ही तुमच्या वखारीची सिलं हायत!" मग अर्धा तास चर्चा झाली ती यावर, की तोडलेल्या सिलावर मालकी कुणाची: वखारीची, सरकारची की रस्त्याची. शेवंताक्कांचं नाव त्या अर्ध्या तासात एकदाही निघालं नाही.

मग मला विचारलं. "त्या दिवशी डॉक्टरांच्या पद्धतीप्रमाणेच काम झालं?"

मी म्हणालो, "व्हय."

डॉक्टरांच्या हातात फिल्म दिली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडावर धरली. त्यावर पांढरा ठिपका नव्हता. आंधळ्यालाही कळलं असतं. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"अध्यक्ष, हिकडं या. ह्ये बघा मानेपाशी. तेरावी! काय नाजूक हाय बघा. हरभऱ्याच्या घाट्याएवढी."

"डॉक्टर, तुमचं म्हणणं काय?"

"ह्येच की. तेरावी हाय."

कागदावर लिहिलं गेलं: शिशाची सिलं लावण्याच्या विक्षिप्त पद्धतीमुळे रुग्णाच्या जिवास धोका निर्माण झाला. त्याखाली माझी सही. ज्या पद्धतीने त्या बाईला धक्काही लागला नसता त्या पद्धतीला दोष लागला, आणि ती त्या दिवशी वापरलीच गेली नव्हती, हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं. महिन्याभरात डॉक्टर दवाखाना सोडून गेले. मला बेळगावात जागा मिळाली.

दोनेक वर्षांनी मी त्यांना शोधत गुंजीला गेलो. स्टेशनजवळ एका खोलीत ते दवाखाना चालवत होते. मी पोचलो तेव्हा अंगणात उकिडवे बसून एका शेळीच्या कुशीवर बोटं फिरवत होते.

"फोटोवाल्या! ये, ये. शेळीला तेरा असत्यात, ठाऊक हाय तुला? समद्यास्नी तेरा. लई समाधान वाटतंय हितं."

मी बसलो. म्हणालो, "डॉक्टर, त्या दिवशी मी सील लावलंच न्हवतं."

"ठाऊक हाय. ठिपका कुठं हुता?"

"मग बोलला का न्हाईसा?"

"बोलणार हुतो रं." त्यांनी शेळी सोडून दिली. "पण तेरावी दिसली. मग ऱ्हाऊनच गेलं." ते खरं बोलत होते. त्यांना खोटं बोलायला सुचत नसे. मग म्हणाले, "तू मातर बोलाय पायजे हुतंस."

मी मान खाली घातली.

"शेवंताक्काला सांगितलंस?"

"न्हाय. कुठल्या तोंडानं माफी मागू?"

"माफीचं र्‍हाऊ दे. मानेतल्या फासळीचं सांगितलंस काय? उद्या तिच्या छातीत परत पाणी झालं आणि कुणी शाणा वरनं मोजत आला तर? माझं तिला पटायचं न्हाय, ती मला दारात उभी करत न्हाय. तू जा. आधी ते सांग."

"सांगतो," मी म्हणालो. गाडीत बसलो, खानापूर मागं पडलं, घरी आलो. सांगितलं नाही. काही वर्षांनी डॉक्टर वारल्याचं कळलं. तेव्हाही सांगितलं नाही. बेळगावात मोठमोठी यंत्रं आली, पडद्यावर सुईचं टोकसुद्धा दिसायला लागलं. तरुण डॉक्टर मला विचारत, "काका, तुमच्या वेळी कसं करायचे हो?" मी म्हणायचो, "अंदाजानं."

या वर्षी माझ्याच छातीत पाणी झालं. सुई घालण्याआधी एका मुलीने, तिशीतली डॉक्टर असेल, माझ्या कुशीला एक छोटी धातूची गोळी चिकटवली आणि म्हणाली, "हलू नका आजोबा, ही खूण आहे. आकड्यांवर विश्वास ठेवायचा नसतो." मी रडायला लागलो. तिला वाटलं, दुखतंय.

दवाखान्यातून सुटलो आणि शेवंताक्कांचा पत्ता काढला. त्या बेळगावातच निघाल्या, माझ्या घरापासून दोन स्टॉपवर. मुलगा बँकेत मोठा अधिकारी होऊन निवृत्त झालेला. त्यानेच दार उघडलं. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पलंगावर शेवंताक्का, ऐंशीच्या पुढच्या, वाळलेल्या, पण डोळे लखलखीत.

मी सगळं सांगितलं. आधी मानेतल्या बरगडीचं. त्यांनी हात मानेकडे नेला.

"म्हंजी उजव्या हाताला मुंग्या येत्यात त्या ह्येनं? म्या म्हनायची चाळण धरून धरून आल्या."

"असंल. डॉक्टरांना दाखवा."

"डॉक्टर!" त्या म्हणाल्या. "त्या दिसापास्नं म्या येका डॉक्टरला आंगाला हात लावू दिला न्हाय. पोराला इचार."

मुलाने मान हलवली. मग मी फॉर्मचं सांगितलं, खोटं बोललो ते सांगितलं, सहीचं सांगितलं. मुलाचा चेहरा बदलत गेला. शेवंताक्का मात्र एकटक बघत होत्या.

"म्हंजी त्येचं बोट बरोबर हुतं?"

"व्हय."

"आणि तुला पुसलं तवा तू व्हय म्हनलास."

"व्हय."

"कुठं असतोय त्यो आता?"

"वारले. लई वर्सं झाली."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "चाळीस वर्सं," त्या म्हणाल्या, "सकाळी चूळ भरली की पैली शिवी म्या त्येला घालत आले. सणवारालाबी चुकवली न्हाय. मेल्या माणसाला घालत हुते व्हय रं म्या? आणि ज्यानं काय केलंच न्हाय त्येला?"

"मला घाला आक्का," मी म्हणालो. "त्यासाठीच आलोय."

त्यांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. मग मुलाकडे वळल्या.

"तू भायेर जा रं. तुझ्यादेखत बोलाय यायच्या न्हाईत मला. आणि दार वढून घे."

मुलगा क्षणभर घुटमळला, गेला. दार लागलं. शेवंताक्का उशीला टेकून नीट बसल्या. धाप लागू नये म्हणून दोनदा सावकाश श्वास घेतला.

"ऐक आता. मधी बोलू नगंस."

मी बोललो नाही.